पैलवान वैनींचा फोटो

पैलवान वैनी पाण्यात उतरण्याआधी शड्डू ठोकायच्या. टँकच्या काठावर उभ्या राहून, गुडघ्यात जरा वाकून, उजव्या मांडीवर तळहाताचा असा आवाज काढायच्या की कपडे बदलायच्या खोलीत रेंगाळणाऱ्या बायकाही दचकून बाहेर यायच्या. मग आमच्याकडे वळून म्हणायच्या, "हां, आता कोण येतंय त्यानं या!" समोर असायचं काय, तर निळ्या फरश्या आणि क्लोरीनचा वास. पण त्या उतरायच्या त्या मैदानात उतरल्यासारख्या.

खरं तर त्या जन्मात कुस्ती खेळल्या नव्हत्या. नाव शालन. कसबा बावड्यातल्या एका जुन्या पैलवानाच्या थोरल्या सूनबाई. घरी आठ म्हशी, दुधाचा धंदा, दोन मोठे मुलगे. पहाटे धारा, सकाळी दूध पोचवणं आणि दुपारी तीन ते चार पोहण्याच्या टँकवर बायकांच्या बॅचला शिकवणं, असा त्यांचा दिवस. 'पैलवान वैनी' हे नाव आमच्या बॅचनं ठेवलं आणि ते त्यांना आवडलं. आवडलं नसतं तर तोंडावर सांगितलं असतं, कारण मनात ठेवणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या गुडघ्यांमुळे. मी सकाळच्या सत्राच्या हायस्कुलात मराठी शिकवते. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, पोहा. पहिल्या दिवशी मी पोहण्याच्या पोशाखावर टॉवेल आणि टॉवेलवर ओढणी अशा थाटात काठावर आले. तशा आम्ही सगळ्याच यायचो. टॉवेल अंगाशी घट्ट धरून पायऱ्यांपर्यंत जायचं, शेवटच्या पायरीवर तो भिरकावायचा आणि गळ्यापर्यंत पाण्यात दडायचं. बाहेर येताना हेच उलटं. बॅच फक्त बायकांची, दाराला आतून कडी, तरी ही कसरत रोज चालायची. वैनी मात्र टॉवेल खांद्यावर टाकून मजेत फिरायच्या.

"बाई, कुणापासनं लपवाय लागलाय?" त्यांनी मला विचारलं. "हितं सगळ्या बायकाच हाईत की. आनि पाणी काय बघत न्हाय, नुसतं उचलतंय. त्येला उचलाय अंग द्या, टॉवेल कशाला देतासा?"

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या टॉवेलवर बोलते! त्या रागातच मी पाण्यात उतरले. महिन्याभरात तरंगायला लागले.

'मी आलो, मी सांगतो, मी पोहतो' असं त्या बोलायच्या, कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं. मी व्याकरणाची बाई असूनही त्यांना कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर पाण्यात ढकललं असतं. थट्टा नाही, त्या खरंच ढकलायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या साळोखे काकू चार दिवस नुसत्या काठावर पाय सोडून बसल्या, म्हणून पाचव्या दिवशी त्यांना मागून सरळ लोटून दिलं, आणि त्यांच्यामागं स्वतः उडी घेतली. काकू वर आल्या त्या शिव्या देतच. मी वैनींना चांगलं सुनावलं. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी काकूंना खरवसाचा डबा आणून दिला. पुढं काकू आमच्यात सगळ्यात लांबचं पोहायला लागल्या. तरी ढकलणं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

वैनींचं माहेर गारगोटीचं. वेदगंगेत म्हशी धुवायला न्यायच्या, म्हैस पाण्यात शिरली की तिची शेपटी धरून पैलतीर गाठायचा, असं त्या लहानपणी पोहायला शिकल्या. "म्हस काय शिकवत न्हाय," त्या सांगायच्या. "ती आपली जाती. आपून शेपूट सोडायचं न्हाय, येवढंच." लग्नानंतर सतरा वर्षं त्यांनी पाण्यात पाय टाकला नव्हता. मग टँकवर बायकांना शिकवायला बाई पाहिजे अशी पाटी लागली, आणि दुधाच्या किटल्या गाडीवर तशाच ठेवून त्या आत जाऊन सांगून आल्या, "मी शिकवतो."

याच टँकवर एक दिवस इचलकरंजीची ऋतुजा आली. घरचे यंत्रमाग, हिनं त्या जोरावर पोहण्याचे पोशाख शिवायचा उद्योग काढलेला. चाळिशी उलटलेल्या, बाळंतपणं झालेल्या, दंड-मांड्या असलेल्या बायकांसाठी. नमुने घालून बघा म्हणून तिनं वैनींना दिले आणि सहा महिने वैनींनी तिला सळो की पळो करून सोडलं. त्या पोशाख घालायच्या, पन्नास फेऱ्या मारायच्या आणि ओलेत्यानंच फोन लावायच्या. "खांद्यात दाटतोय. पाठीत पाणी भरतंय. बूड वर चढतंय. इस्कटा आनि पुन्ना शिवा." ऋतुजा बिचारी पुन्हा शिवायची.

पोशाख अखेर जमले, पण खपेनात. जाहिरातीसाठी मुंबईहून एक सडपातळ मुलगी आणली होती. मोठ्या मापाचा पोशाख तिच्या अंगावर बसावा म्हणून पाठीमागं चिमटे लावून फोटो काढले होते. ते फोटो बघून बायका मागवायच्या आणि घालून बघितला की परत पाठवायच्या. शेवटी ऋतुजा वैनींसमोर येऊन बसली. "फोटोला तुम्हीच उभ्या राहा. रीतसर करार करू. मॉडेल म्हणून."

वैनी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पोटावर दोन बाळंतपणांच्या रेषा, दंडावर म्हशीनं शिंग मारल्याचा व्रण. त्या खो खो हसल्या. "मी? माझ्या म्हशी हसतील!" पण दुसऱ्या दिवशी पाण्यातून वर आल्या आल्या मला म्हणाल्या, "बाई, त्या कामाला काय काय शिकाय लागतंय, जरा बघून सांगा की." मी समजले, गडी तयार झाला.

खरी कुस्ती सुरू झाली ती नंतर. घरी कळलं. त्यांचे यजमान म्हणजे मवाळ माणूस, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांना भीती होती तालमीतल्या दोस्तांची. त्यांनी मधला मार्ग काढला. कर तुझं काम, पण फोटोत तोंड नको. ऋतुजालाही ते पटलं. गळ्यापासून खालचेच फोटो छापतात पुष्कळ ठिकाणी, ती म्हणाली, कोणाला कळणारही नाही. आणि खरं सांगते, मलाही तो तोडगा उत्तम वाटला. मी वैनींना तसं समजावायलाही गेले.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "गळ्यापासनं खाली म्हंजे कोण वो? त्यो मी न्हवं. खाटकानं टांगल्यालं मटान हाय काय? अंग माझं हाय, मग मुंडकं कुणाचं हाय? छापायचा तर तोंडासकट छापायचा. न्हायतर दुसरी बघा म्हनावं."

वैनींनी करारात ते लिहून घेतलं, फोटो चेहऱ्यासह आणि खाली नाव. माझ्यासमोर सही केली, जाड, गोल अक्षरात, शालन ह्या नावापुढं नवऱ्याचं नाव आणि आडनाव सगळं घालून. घरात अजून कोणी होकार दिला नव्हता. त्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

फोटो काढायला सोबत म्हणून मी गेले. स्टुडिओतला फोटोग्राफर पुण्याचा, सभ्य मुलगा. मान तिरकी करा, एक हात कमरेवर, खांदा सैल, हलकंसं हसा. वैनींना काही म्हणता काही जमेना. मान तिरकी केली की लचकल्यासारखी दिसायची. घाम फुटला. शेवटी म्हणाल्या, "थांबा. मला म्हाईत हाय कसं हुबं ऱ्हायचं ते." आणि त्यांनी छाती पुढं काढली, हातांची घडी घालून दंड फुगवले, उजवा पाय अर्धा पाऊल पुढं टाकला आणि कॅमेऱ्यात रोखून बघितलं.

फोटोग्राफर फिस्कन हसला. मी मात्र ती पोज ओळखली. कोल्हापुरात कोणीही ओळखेल. वैनींच्या घरी पुढच्या सोप्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर आबांचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा, तरुणपणचा फोटो होता. अंगावर फक्त लंगोट, शेजारी चांदीची गदा, आणि हीच घडी, हाच पाय, हीच नजर. नवी नवरी होऊन आल्यापासून रोज सकाळी त्या फोटोची काच पुसणं हे वैनींचं काम. अंगाचा फोटो काढायचा म्हणजे असंच उभं राहायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. कारण दुसरा कुठला फोटो त्यांनी इतक्या जवळून बघितलाच नव्हता. ऋतुजा हसली नाही. तिनं तोच फोटो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापला.

पुस्तिका आली, आणि मोबाइलवरून ती बावड्यातल्या घराघरात पोचायला एक दुपारही लागली नाही. यजमान दोन दिवस घरी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. पंच्याऐंशी वर्षांचे आबा स्टुलावर चढले, स्वतःचा फोटो खिळ्यावरून उतरवला, धोतराच्या धडप्यात गुंडाळला आणि खाटेखाली ठेवून दिला. कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या दिवशी टँकवर वैनींनी शड्डू ठोकला नाही. काठावर पाय सोडून बसल्या, साळोखे काकू बसायच्या तशा. "आबांनी फोटो उतरवला, बाई," एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. त्यांना रडताना मी एकदाच बघितलं, ते तेव्हा. नवऱ्याच्या रुसण्याची त्यांना फिकीर नव्हती. पण आबांना त्या मानायच्या. मी म्हणाले, मग सोडून द्या हे काम. त्यांनी डोळे पुसले. "सोडत न्हाय," म्हणाल्या. "रडाय येतंय म्हनून काय झालं?"

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला त्यांचे पै-पाहुणे बावड्यात मुक्कामाला येतात आणि तिथून डोंगरावर जातात. त्या वर्षीही आले. सोप्यात बसल्या बसल्या प्रत्येकाची नजर त्या रिकाम्या खिळ्यावर. शेवटी एका पाहुण्यानं विचारलंच, "आबा, तुमचा फोटू कुठं गेला?" पुढचं मला वैनींनी सांगितलं, केसात गुलाल तसाच असताना, पाणी हातानं उडवत.

आबा खाटेवरून म्हणाले, "खाटंखाली हाय. सुनंचा फोटू घरात लावत न्हाईत. अंग उघडं दिसतंय म्हनं, लाज वाटती. मग माझ्या अंगावर काय शेरवानी हाय व्हय? लाजंचं असंल तर दोघांचंबी लाजंचं. भितीवर दोन लागतील, न्हायतर एकबी न्हाय."

आठ दिवसांनी यजमानांनी स्वतः हातोडी घेऊन शेजारी दुसरा खिळा ठोकला. तो वाकडा ठोकला, असं वैनींचं मत कायम राहिलं.

पुढं त्यांना कामं येत गेली. आणखी दोन कंपन्या, मग गोवा, मग कोची. त्यांनी ते काम म्हशींच्या धारांइतकंच मन लावून केलं. धार काढताना गालातल्या गालात हसू तसंच धरून ठेवायचा सराव करायच्या. "म्हस बिचकली पयल्यांदा," म्हणाल्या, "आता तीबी सवकली." एकदा मी त्यांच्याबरोबर बँकेत होते. फॉर्मवर व्यवसाय या रकान्यात कारकुनानं न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. वैनींनी ते खोडायला लावलं. "लिवा, मॉडेल." त्यानं वर बघितलं. "कसलं मॉडेल?" "पवायच्या कपड्याचं. स्पेलिंग येतंय न्हवं?" रांगेतली माणसं वळून बघत होती आणि मी चष्मा पुसत होते.

टँकच्या समितीनं मात्र त्यांना सोडलं नाही. बॅचमध्ये मुलीही येतात, पालकांच्या तक्रारी आहेत, पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असं कार्यालयात बोलावून सांगितलं. ज्यांनी सांगितलं त्यांच्या डोक्यावर भिंतीवर गावच्या पैलवानांचे फोटो होते. वैनींनी ते मोजले. "सात हाईत," त्या म्हणाल्या. "सातबी लंगोटावर. ह्येंची तक्रार कुणी केलीया का?" निर्णय मात्र बदलला नाही.

आम्ही बायकांनी अर्ज करायचं ठरवलं. लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि मी जीव ओतून लिहिला. अकरा जणींनी सह्या केल्या. साळोखे काकूंनी पहिली सही केली. मी केली नाही. माझी शाळेची नोकरी, संस्थाचालक, मुख्याध्यापक, पालक, अशी कारणं माझ्याकडे तयार होती. वैनींनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अर्ज झकास हाय," त्या म्हणाल्या. "पर बाई, तुमचं मुंडकं कुठं हाय?"

त्या चिडून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या साध्या आवाजात बोलल्या. मी कारणं सांगितली, त्यांनी मान हलवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. अर्जाचंही काही झालं नाही.

शेवटच्या दिवशी बॅचचा फोटो काढायची आमची पद्धत होती. दर वर्षी आम्ही टॉवेल गुंडाळून उभ्या राहायचो, मी मागच्या रांगेत. त्या दिवशी वैनी म्हणाल्या, "आज टॉवेल खाली ठेवा." एकमेकींकडे बघत आम्ही ठेवले. मग त्यांनी आम्हांला हाताची घडी घालायला लावली, पाय पुढं टाकायला लावला, माझा दंड धरून मला पुढच्या रांगेत ओढलं. बाराच्या बारा जणी ओल्या अंगानं कॅमेऱ्याकडे रोखून बघतोय, मध्ये वैनी. प्रत्येकीला त्यांनी एकेक प्रत दिली. निघताना रिकाम्या टँकसमोर एकदा शड्डू ठोकला आणि टॉवेल खांद्यावर टाकून दारातून बाहेर पडल्या. आता तिथं दुसरी मुलगी शिकवते. चांगली आहे, शिट्टी वाजवते. माझी प्रत मी कपाटात साड्यांखाली ठेवली.

गेल्या पौषात आबा गेले. मी भेटायला गेले. सोप्यात गावातल्या बायका बसल्या होत्या, आणि भिंतीवर ते दोन फोटो शेजारी शेजारी. एकाला हार. दोघांची घडी तीच, नजर तीच. वैनींचा खिळा खरंच जरा वाकडा आहे. बायका दोन्ही फोटोंकडे बघत होत्या आणि कोणी काही बोलत नव्हतं, कारण बोलायचं ते आबांनी आधीच बोलून ठेवलं होतं. पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्यानं आपला आयुष्यभराचा मान उतरवून खाटेखाली ठेवला होता, आणि मला एक सही झाली नव्हती. मला माझी मनस्वी लाज वाटली. वैनींनी चहाचा कप हातात दिला. "गुडघं कसं हाईत, बाई?" असं विचारलं. दुसरं काही नाही.

घरी येऊन मी साड्या उचकल्या.

परवा सोमवारी शाळा सुटल्यावर मी टँकच्या कार्यालयात नवा अर्ज दिला. शालनवैनींना बॅचवर परत घ्यावं, असा. मजकूर जुनाच आहे, 'काढू नये' याच्या जागी 'परत घ्यावं' एवढंच बदललं. बारा सह्या आहेत. पहिली माझी, पूर्ण नावानं, खाली शाळेचं नाव आणि हुद्दा. कारकुनानं सोबत जोडलेला फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तो टेबलावर पालथा घातला. मी हात लांब करून तो सुलटा केला.

"असाच राहू दे," मी म्हणाले. "डावीकडून दुसरी मी."